पान नऊ, ओळ तिसरी

चेन्नईत थंडी आली हे हवेवरून कळत नाही, माकडटोप्यांवरून कळतं. जानेवारी लागला की आमच्या अण्णा नगरच्या रस्त्यावर सकाळी फिरायला निघालेले सगळे आजोबा कान झाकून चालू लागतात. पंखा पाचावरून तीनवर येतो. भाजीवालीच्या पाटीत पावट्याच्या शेंगा दिसतात, पोंगलसाठी आणलेल्या उसाच्या मोळ्या भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि चार दिवस ब्लाउज पाठीला चिकटत नाही. मिरजेची थंडी अंगावर घेतलेल्या बाईला हे सगळं थोडं हास्यास्पद वाटतं. लग्नानंतर नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे इथे आले तेव्हा वाटत होतं, अजूनही वाटतं.

याच दिवसांत या शहरात थोर माणसं उतरतात. गाणारे, नाचणारे, डॉक्टर आणि गणितज्ञ. त्यांच्याकडे तेव्हा दाराबाहेर गुडघाभर बर्फ असतं, म्हणून ते इकडे येतात. आपण समजतो ज्ञानदानाला आले.

परवा पुन्हा तसा ईमेल आला. मी तांबरमच्या एका कॉलेजात गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी शहराच्या दक्षिण टोकाच्या एका मोठ्या संस्थेत पाच दिवसांचा मेळावा भरला होता. जगातली मोठमोठी पदकं आणि पारितोषिकं मिळालेले गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ येणार होते, आणि त्यांच्या दिमतीला आजूबाजूच्या कॉलेजांतले प्राध्यापक उसने घेतले होते. आम्हाला 'स्थानिक समन्वयक' असं भारदस्त नाव होतं. काम असं की विमानतळावर पाटी धरून उभं राहायचं, पाण्याची बाटली पुढे करायची आणि स्वच्छतागृह कुठे ते दाखवायचं. यंदा तोच मेळावा पुन्हा आहे. पाहुण्यांची यादी सोबत होती. ती वाचताना माझा चहा गार झाला.

त्या पाच दिवसांतलं मला सगळ्यात आधी आठवतं ते गळ्यातलं कार्ड. पारितोषिकवाल्यांच्या कार्डाला सोनेरी फीत, प्राध्यापकांना पांढरी, आम्हा समन्वयकांना निळी. तिथे कोणी कोणाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. नजर छातीवर जायची, फितीचा रंग बघायची, आणि मग हसायचं की नाही ते ठरायचं. निळ्या फितीकडे बघून माणसं जे हसत, ते लिफ्टवाल्याकडे बघून हसावं तसं. मी पंचवीस वर्षं शिकवत होते, पण फितीपुढे कोणाचं काय चालतं?

आणि आपली माणसं! चाळीस-चाळीस वर्षं गणित शिकवलेले विभागप्रमुख सोनेरी फितीबरोबर फोटो काढायला रांगेत उभे. त्यांना त्या माणसाने काय सिद्ध केलं ते एका वाक्यात सांगा म्हटलं असतं, तर निम्म्यांची दातखीळ बसली असती. प्रश्नोत्तरांत दरवेळी कोणीतरी उठे आणि विचारी, "तरुणांना आपण काय संदेश द्याल?" उत्तर ठरलेलं : कुतूहलाच्या मागे जा. मग टाळ्या. प्रत्येक पाहुणा भाषणाच्या सुरुवातीला आठवणीने सांगे की शून्य तुमच्या देशाने दिलं, त्यावरही टाळ्या. शून्यावर इतक्या टाळ्या वाजवणारा समाज मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या विभागाचे हेडक्लार्क जयराम राव मदतीला होते. ते तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि भाषा बरोबर घेऊन तिथेच थांबले, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना जुन्या बखरीतला माणूस सांबार मागतोय असं वाटतं. जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, हे थोर लोक म्हणून म्हणालेत न्हवे? एकास दूध चालेना, एकास गहू चालेना, एकास वांगे बघून भय वाटते. ह्यांस जग कसे चालते म्हणून कोणी सांगितले नाही काय?" मी म्हटलं, "राव, त्यांना जग चालवायचं नसतं, फक्त सिद्ध करायचं असतं." ते बराच वेळ मान हलवत राहिले आणि मग दहीभाताचं पातेलं बघायला गेले.

माझ्या वाट्याला दोघे आले होते. खरी नावं सांगत नाही, मी मनातल्या मनात ठेवलेली सांगते. एक गोडबोले. गणितातलं मोठ्यात मोठं पदक मिळालेला, उंच, पांढऱ्या मिशीचा, कोणालाही भेटला की दोन्ही हातांनी हात धरणारा. दुसरा तिरसिंगराव. संगणकशास्त्रातलं तेवढंच मोठं पारितोषिक, खुजा, सुरकुतलेला शर्ट. विमानतळावरून येताना मी त्याला शहराची माहिती सांगायला लागले, तर म्हणाला, "तुम्ही का बोलताय?" उद्घाटनाला शाल घालायला गेले तर त्याने ती परत केली. आमचे प्राचार्य उभे राहून पाच मिनिटं प्रश्न विचारत होते, तेव्हा हा म्हणाला, "यात प्रश्न नाही." प्राचार्य खाली बसले. मनातून मला बरं वाटलं, पण तो माणूस काही मला आवडला नाही.

आता लपवून उपयोग नाही, म्हणून सांगते. मला त्या मेळाव्यात निळी फीत चालली, कारण माझ्या पिशवीत एकतीस पानं होती.

कागदावर ठिपके काढा, काही ठिपके रेघांनी जोडा. झालं जाळं. आता ठिपके असे रंगवायचे की रेघेने जोडलेल्या दोघांना एक रंग येता कामा नये. किती रंग लागतील? पोरखेळ वाटतो. त्यात मी अकरा वर्षं घालवली. गाडीत घालवली, पोळ्या लाटताना घालवली, मुलाच्या बारावीच्या वर्षात त्याचा अभ्यास घेतेय असं दाखवून त्याच्याच वहीच्या मागच्या पानांवर घालवली. आणि शेवटी सिद्ध केलं की एका विशिष्ट प्रकारची जाळी कितीही मोठी असली तरी ठरावीक रंगांत भागतं. लेख इंटरनेटवर ठेवला होता, जगात कोणालाही वाचता येईल असा. अर्थात कोणी वाचत नव्हतं. तांबरमच्या कॉलेजातल्या बाईचं कोण वाचतो? मला एका सोनेरी फितीने ते वाचायला हवं होतं. रांगेतल्या विभागप्रमुखांना मी हसत होते, पण माझीही रांग तीच होती, फक्त मी फोनच्या ऐवजी फाइल धरून उभी होते.

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी मी ती पानं गोडबोल्याला दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली. पहिलं पान पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे कोण येतंय ते पाहिलं, मग भराभर पानं उलटून म्हणाला, "इंटरेस्टिंग. व्हेरी इंटरेस्टिंग." या लोकांत हा शब्द कसा वापरतात ते मला पुढे कळलं. आपल्याकडे 'या एकदा घरी' म्हणतात ना, पत्ता न देता, तसा. त्या दिवशी मात्र मी तरंगत घरी गेले. नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग वाचणार कधी म्हणाला?" मी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सहल होती. असल्या मेळाव्यात एक दुपार सहलीची असतेच, थोरांनाही वारा लागतो. बसमधून सगळ्यांना कोवलमला नेलं. हिरव्या-निळ्या होड्या वाळूवर ओढलेल्या, सुकत घातलेल्या मासळीचा वास, जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. गोडबोले एका म्हाताऱ्या कोळ्याजवळ उकिडवा बसला आणि जाळ्याच्या गाठींवरून त्याने आसपासच्या निळ्या-पांढऱ्या फितींना वीस मिनिटं प्रवचन दिलं. गाठ म्हणजे काय, गाठीचं गणित काय, कोळ्याला नकळत केवढं ज्ञान आहे. सगळे माना डोलावत होते. कोळ्याने तमिळमध्ये मला एवढंच म्हटलं, "यांना सांगा, जरा बाजूला सरका, माझा उजेड अडतोय." मी भाषांतर केलं नाही.

तिरसिंगराव बसमधून उतरलाच नव्हता. मी बोलवायला गेले तर म्हणाला, "मी समुद्र पाहिलाय." मग माझ्या हातातल्या फाइलकडे बोट दाखवलं. "ते काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही ते एवढं जाड कसं? वाचायला काहीतरी द्या. इथे तासभर काय करू?"

मी दुसरी प्रत दिली. त्याने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून राहिले. तासाभरात त्याने एकदाही मान वर केली नाही. इंटरेस्टिंग म्हणाला नाही, छान म्हणाला नाही. माझ्या अकरा वर्षांत ती पानं खरोखर वाचणारा तो पहिला माणूस होता, आणि मला पाठीमागून पेन्सिलीचा आवाज थांबला की धडधडत होतं.

मग तो म्हणाला, "पान नऊ. तिसरी ओळ. का?"

मी उठून पाहिलं. त्याने काही समजावलं नाही, त्याची गरजच नव्हती. दर वर्षी जुलैत मी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना एक उदाहरण देते. प्रत्येक पोरीच्या मापाचा झगा शिवता येतो हे खरं, पण म्हणून एकच झगा सगळ्या पोरींना बसत नाही. प्रत्येक जाळ्याला पुरेल असा एक आकडा असतो, हे मी आधीच्या आठ पानांत नीट दाखवलं होतं. नवव्या पानावर मी एकच आकडा सगळ्या जाळ्यांना घातला होता. दर वर्षी उत्तरपत्रिकेत ही चूक दिसली की मी लाल रेघ मारते आणि समासात लिहिते, 'झगा!'

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"अकरा."

"पहिली आठ पानं चांगली आहेत. पुढची बावीसही पडणार नाहीत, छोटं काहीतरी निघेल त्यातून. पण हा सिद्धांत नाही." पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाला, "माझी एक चूक सहा वर्षं टिकली होती."

मला त्या माणसाला होडीत बसवून समुद्रात सोडून द्यावंसं वाटलं. बसमधून उतरून मी सुकत घातलेल्या मासळीपलीकडे गेले आणि रडले. राग त्याचा नव्हता, लाज वाटत होती. अशी चूक पोरींनी केली तर मी वर्गात हसते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. अकरा वर्षं माझ्या बाब्याचं वाकडं नाक मला दिसलं नव्हतं.

पाचव्या दिवशी समारोपाचं भाषण गोडबोल्याचं. मोठा हॉल गच्च भरलेला. बोलता बोलता तो यजमान शहराच्या कौतुकावर आला आणि म्हणाला की थोर गणित फक्त मोठ्या विद्यापीठांत होतं असं नाही, आणि मागच्या पडद्यावर माझं नाव आलं. पूर्ण नाव, खाली तांबरम, खाली माझा सिद्धांत, माझ्याच सारांशातून जसाच्या तसा उचललेला. "एक अत्यंत सुंदर निष्कर्ष," तो म्हणाला. त्याने पहिल्या पानापलीकडे एक ओळ वाचलेली नव्हती. त्याला भाषणात घालायला गावातलं एक नाव हवं होतं, वरणात कोथिंबीर हवी तसं. प्राचार्य उभे राहून टाळ्या वाजवत होते. जयराम रावांनी डोळे पुसले.

तिरसिंगराव माझ्या पुढे दोन रांगा सोडून बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं. 

माइक माझ्याकडे आला. हॉलमधली सगळी तोंडं वळली, आणि पहिल्यांदाच कोणी माझ्या फितीकडे बघत नव्हतं. 'पान नऊवर चूक आहे' एवढं म्हणायला दोन सेकंद पुरले असते. मी म्हटलं, "थँक यू, सर."

नंतर चहाला तिरसिंगराव मला शोधत आला. मी आधीच बोलून टाकलं, "तुम्ही का गप्प बसलात?"

"आमच्यात चूक ज्याची त्याने सांगायची असते," तो म्हणाला. "दुसऱ्याने सांगितली तर ती चोरी होते. मी वाट बघेन."

कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. एका बाजूला आमदारांचा वाढदिवस, दुसऱ्या बाजूला माझा फोटो, मागे उगवता सूर्य. महिनाभर मी तांबरम स्टेशनवरून येताना पदर डोक्यावर घेत होते, ऊन नसताना. तो लेख मी काढून टाकला नाही. आज टाकू, उद्या टाकू. गोडबोल्याने नाव घेतल्यावर आणखी चार-पाच जणांनी आपल्या लेखात माझा सिद्धांत घेतला, त्यांनीही न वाचता. मग मी त्यांनाही तुच्छ मानू लागले. ते फार सोयीचं होतं. जग न वाचणाऱ्या लोकांनी भरलंय, गोडबोले भंपक, प्राचार्य भाट, ही सगळी टोळीच पोकळ. मी तीन वर्षं हा फराळ खाऊन राहिले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यातला एकही पान नऊविषयी नव्हता.

परवाच्या यादीत तिरसिंगरावाचं नाव आहे. खाली संयोजकांनी लिहिलंय की पाहुण्यांनी समन्वयक म्हणून तुमचंच नाव सुचवलंय.

मला आधी आठवली रेवती. जयराम रावांची भाची, तीन वर्षं माझ्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करतेय. घरात तंजावरी बोलते, बाहेर तमिळ, गणित इंग्रजीत. त्या फ्लेक्सनंतरच ती माझ्याकडे हट्टाने आली होती, माझ्याच सिद्धांतावर पुढचं काम करायचं म्हणून. तेव्हा मी नको म्हणायला हवं होतं. मी विषय नोंदवून दिला. पोरीची तीन वर्षं मी एका चुकीच्या ओळीवर उभी केली, आणि आता तो माणूस येणार, तिला भेटणार, तिचा विषय विचारणार. त्याने सांगायच्या आधी मी सांगायला हवं होतं. धाडस वगैरे काही नाही, नाक कापलं जायची भीती.

काल तिला विभागात बोलावलं. पोंगलची सुट्टी लागायची होती, कॉरिडॉरमध्ये मुलींनी रांगोळी काढून ठेवली होती, ती ओलांडून ती आली. हातात तिचा प्रबंध होता. दिवाळीत तिने मला वाचायला दिलेला कच्चा खर्डा, मी गेल्याच आठवड्यात परत केलेला.

मी खिडकीकडे बघत म्हटलं, "रेवती, माझ्या लेखात नवव्या पानावर चूक आहे. सिद्धांत खोटा आहे. मला तीन वर्षांपासून माहीत आहे."

तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून मी झग्याचं उदाहरण सुरू केलं.

"कळते की, मॅडम," ती म्हणाली. "मज दोन वर्षांमागेच कळले. त्यासाठीच तर मी दुसरी वाट धरली न्हवे? तिसऱ्या चॅप्टरात सगळे लिहिले आहे. तुमचे काय चुकले ते, आणि त्यातून केवढे उरते ते."

"मला का नाही बोललीस?"

"तुमची चूक, तुम्हास कसे तोंडावर सांगू? म्हणून लिहून दिले." ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "तुम्ही वाचून परत दिलात न्हवे, मॅडम? छान आहे म्हणून म्हटलात. मज वाटले, तुम्हास पटले. मामासही सांगितले मी, मॅडम किती मोठ्या मनाच्या म्हणून."

बाहेर कोणीतरी रांगोळीवरून सायकल नेली आणि मुली ओरडल्या. अडीच महिने तो खर्डा माझ्या घरी टीव्हीशेजारी होता. मी पहिलं पान वाचलं होतं, शेवटचं पान वाचलं होतं, आणि मधली भराभर उलटली होती.

"मी वाचलं नाही," मी म्हटलं.

 रेवतीने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली, प्रबंध उघडून माझ्या बाजूला फिरवला आणि तिसऱ्या प्रकरणावर बोट ठेवलं. पहिल्याच परिच्छेदात माझं पूर्ण नाव होतं. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. मी पान उलटेपर्यंत ती थांबली, मग पुढच्या पानालाही थांबली.